ललिताबाईंचा डावा डोळा

गेल्या वैशाखात आमच्या सावरगावी एका लग्नघरी आम्ही पंगतीस बसलो होतो. वाढणाऱ्या मंडळींवर देखरेख करीत एक वृद्ध आजी मांडवात फिरत होत्या. त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली ओढल्यासारखी झालेली आहे. लहानपणी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या काठावर गोटमार पहावयास त्या उभ्या असता पांढुर्ण्याच्या बाजूने आलेला एक दगड त्यांना लागला; तेव्हापासूनची ती खूण आहे. आजी बोलण्यात कडक आहेत, हेही खरे. पानात टाकून दिलेल्या जिलबीवरून त्यांनी एका मुलास दटावले. त्या चार पावले पुढे गेल्या असतील नसतील तोच मुलांच्या ओळीतून कोणी तरी त्यांना ललिता पवार म्हणून नाव ठेवले आणि सारी ओळ खदखदून हसली. आजींनी ते ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. पदर थोडा पुढे ओढून दुसऱ्या पंगतीकडे निघून गेल्या.

जी मुले हसली त्यांपैकी एकानेही ललिता पवारांचा एखादा चित्रपट सबंध पाहिला असेल, असे आम्हांस वाटत नाही. ललिताबाई १९९८ साली निवर्तल्या. तेव्हा ही मुले जन्मासही आलेली नव्हती. तरी नाव त्यांच्या ओठी होते. चुगलखोरास आपण नारद म्हणतो, झोपाळूस कुंभकर्ण म्हणतो, कपटी मामास शकुनी म्हणतो. ही सारी नावे पुराणांतली. परंतु आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेलेल्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या एका बाईचे नाव छळवादी सासूचे सामान्यनाम होऊन बसावे, असे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. म्हणून यंदाच्या अंकात या बाईंचे चरित्र सांगावे असे मनात आले. ते सांगताना आजींचा तो पुढे ओढलेला पदर आमच्या डोळ्यांपुढून हललेला नाही, हे प्रथमच कबूल करून टाकतो.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले या गावी झाला. पैठणीच्या विणकामासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी होते. मुलीचे नाव अंबा. घरची स्थिती चांगली होती, पण त्या काळी मुलींना शाळेत धाडण्याची रीत सगळीकडे रुळलेली नव्हती, आणि अंबेच्या वाट्यास शाळा आली नाही. आमच्या वाचकांतील ज्या मुली सायकलीवरून शाळेत येतात, त्यांनी या गोष्टीकडे क्षणभर लक्ष द्यावे. पुढे शेकडो चित्रपटांतून मराठी, हिंदी व गुजराती संवाद बोलणाऱ्या या बाईंच्या हाती लहानपणी पाटी-पेन्सिल कोणी दिली नव्हती.

पुण्यास त्या वेळी नानासाहेब सरपोतदारांची आर्यन फिल्म कंपनी मूकचित्रपट काढीत असे. १९२८ च्या सुमारास बालवयातच अंबा त्या कंपनीच्या चित्रपटांत काम करू लागली. पगार दरमहा १८ रुपये. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु हसू येण्यापूर्वी तो काळ ध्यानी घ्यावयास हवा. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळाली नाही, आणि साळुंके नावाच्या पुरुषास लुगडे नेसवून उभे करावे लागले. त्यास उणीपुरी पंधरा वर्षे झाली होती. एवढ्या अवधीत लोकमत फारसे पालटले नव्हते. कुलीन घरच्या मुलीने तोंडास रंग लावून यंत्रापुढे उभे राहावे, ही गोष्ट नातलगांना लपवावीशी वाटे.

मूकपटाच्या काळात अंबा मोठी झाली आणि नायिका बनली. साहसपट हा त्या वेळचा लोकप्रिय प्रकार होता. नायिकेने घोड्यावर बसावे, तलवार फिरवावी, शत्रूशी झुंजावे, आणि प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्यात. अशा चित्रपटांतील देखणी, चपळ तरुणी म्हणून त्यांची ख्याती झाली. ज्यांनी त्यांना केवळ म्हातारपणीच्या भूमिकांत पाहिले आहे त्यांचा यावर विश्वास बसणार नाही. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि अंबा सगुणची ललिता पवार झाली. १९३२ साली निघालेल्या ‘कैलास’ या मूकपटात त्यांनी केवळ अभिनयच केला नाही. त्याच्या निर्मितीतही त्यांचा भाग होता. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे ‘दुनिया क्या है’ हा बोलपटही त्यांनी निर्मिला. सोळाव्या वर्षी चित्रपटाच्या हिशेबात लक्ष घालणारी मुलगी आणि पडद्यावर सुनेच्या हातून किल्ल्यांचा जुडगा हिसकावून घेणारी सासू, यांतले अंतर आम्हांस मोठे विलक्षण वाटते. पडद्यावरची सासू दुसऱ्याच्या कमाईवर हुकमत गाजवी. ललिताबाई मात्र लहानपणापासून स्वतःच्या कमाईवर उभ्या होत्या.

१९३१ साली बोलपट आला आणि मूकपटाच्या युगातील कित्येक नामांकित नटनट्या मागे पडल्या. कोणास भाषा येईना, कोणाचा आवाज बसेना. रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना ही त्या काळची सर्वांत मोठी तारका; तिलासुद्धा हिंदुस्तानी शिकण्यासाठी काही काळ थांबावे लागले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ललिताबाई मात्र टिकल्या. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) मध्ये त्या होत्या. मास्टर विनायकांच्या ‘अमृत’ (१९४१) मध्ये त्यांनी एका चर्मकार स्त्रीची भूमिका केली. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील हा चित्रपट दारूचे दुष्परिणाम दाखविणारा होता. पंचविसाव्या वर्षी त्यांच्यापुढे नायिकेचा लांबचा लांब रस्ता पसरलेला दिसत होता.

तो रस्ता एका क्षणात बंद झाला. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे काम चालू होते. एका प्रसंगात नायिकेच्या थोबाडीत मारावयाची होती. चित्रपटातील थप्पड कशी मारतात हे मुलांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मारणाराचा पंजा गालाजवळून जातो, खाणारा त्याच क्षणी मान वळवितो, आणि प्रेक्षकांस वाटते की ती फाडकन बसली. दोघांची वेळ जमली पाहिजे, एवढीच त्यात मेख असते. त्या दिवशी ती जमली नाही. समोरच्या नटाचा हात खरोखरीच बसला, आणि तो आखाड्यात घुमलेला हात होता.

हा नट म्हणजे भगवान आबाजी पालव, पुढे ज्यांना सारा देश भगवानदादा म्हणून ओळखू लागला ते. त्यांचा जन्म १९१३ साली अमरावतीस झाला. वरुडापलीकडचे अमरावती म्हणजे आमच्या या भागास अगदी शेजारचे. वडील मुंबईस गिरणीत कामगार होते. भगवानांना कुस्तीची आवड होती आणि साहसपटांत त्यांचे चांगले बस्तान बसले होते. त्यांच्या मनात ललिताबाईंविषयी काही वैर नव्हते. नटाने आपले काम जोरात केले, एवढेच. पण त्या एका थपडेने ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यातील रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूस पक्षाघात झाला.

या ठिकाणी आम्हां सावरगावकरांस थांबून विचार करावा लागतो. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. या तीरावर आम्ही, त्या तीरावर पांढुर्णेकर. एरवी आम्ही एकाच बाजारात संत्री विकतो, एकमेकांच्या घरी मुली देतो. त्या दिवशी मात्र दगड चालतात. संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक एकमेकांस रामराम करतात. वैर नसते, पण जखम मात्र खरी असते. दगडास खेळ कळत नाही आणि डोळ्यासही तो कळत नाही. दरवर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात, कोणाचा डोळा जातो, कोणी प्राणासही मुकतो. शासनाने ही प्रथा आवरण्याचे वा सौम्य करण्याचे अनेक प्रयत्न केले; ते फळास आले नाहीत. तो वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु वैरावाचून बसलेला घाव म्हणजे काय हे ज्या गावास दरसाल दिसते, त्या गावाने तरी ललिताबाईंच्या डोळ्यास हसावयास नको होते.

चेहऱ्याच्या स्नायूंना हालविणाऱ्या ज्या नसा असतात, त्यांपैकी एका बाजूची नस दुखावली म्हणजे त्या बाजूची पापणी नीट मिटत नाही, ओठाचा कोपरा खाली ओघळतो, बोलताना ओष्ठ्य वर्ण घसरतात, पाणी पिताना ते बाहेर सांडते. सामान्य माणसासही हे दुःसह असते. ज्या स्त्रीचा चेहरा हेच पोट भरण्याचे साधन, तिच्यावर काय प्रसंग ओढवला असेल! सुमारे तीन वर्षे उपचार चालले. चेहरा पुष्कळसा सावरला, बोलणे पूर्ववत झाले. परंतु डावा डोळा बारीक झाला तो कायमचाच. नायिकेच्या भूमिका संपल्या. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या.

येथून पुढची हकीकत आम्हांस त्यांच्या सर्व भूमिकांहून मोठी वाटते, आणि ती पडद्यावर कोठेही दिसत नाही. घरी बसून राहणे शक्य होते, आणि कोणी त्यांस दोषही दिला नसता. दुसरा मार्ग असा की, तो डोळा लपवावा, चेहऱ्याची उजवी बाजूच यंत्रापुढे धरावी, आणि जमेल तितके दिवस जुनेच रूप टिकवावे. ललिताबाईंनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी ज्येष्ठ स्त्रियांच्या भूमिका पत्करल्या आणि त्या बारीक झालेल्या डोळ्यासच कामास लावले. मान किंचित तिरकी करावी, उजवी भुवई उचलावी, डावा डोळा आपोआप आकसे. आणि एवढ्यानेच सभागृहात बसलेल्या बायकांच्या अंगावर काटा उभा राही. प्रेक्षकांस तो डोळा दुष्टपणाचे चिन्ह वाटला. ते काम करताना झालेल्या अपघाताचे चिन्ह होते.

१९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ प्रदर्शित झाला. म्हणजे अपघातास जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यात ललिताबाई आनंदीबाई झाल्या होत्या. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची कथा आणि ध चा मा झाल्याची आख्यायिका महाराष्ट्रात कोणास सांगावी लागत नाही. आमच्या नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातही ती आजीच्या तोंडून ऐकलेली असते. आनंदीबाईची भूमिका म्हणजे अवघ्या मराठी मनाचा रोष अंगावर घेणे. त्यांनी तो घेतला, आणि तेव्हापासून तो त्यांना कधी सोडून गेला नाही.

व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ १९५० साली आला. हुंड्याने एका घराचा कसा सर्वनाश होतो, हा त्याचा विषय. मुलीच्या बापाचे काम पृथ्वीराज कपूर यांनी केले होते, मुलीचे जयश्रीबाईंनी, आणि हुंड्यासाठी सुनेस गांजणारी सासू ललिताबाई. सासूचे काम बेताचे झाले असते तर तो चित्रपट एक रडकथा होऊन विसरला गेला असता. सासूचा संताप यावा, एवढी ती सासू खरी झाली. हुंडाबंदीचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ साली झाला. चित्रपटामुळे कायदा झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु हुंडा मागणाऱ्या सासूचा तिरस्कार वाटण्यास समाजास जी शिकवण लागली, तिच्यात या बाईंनी शिव्याशापांच्या रूपाने आपला वाटा दिला. विचार करा, लोक ज्या पापाबद्दल त्यांना दूषणे देत, तेच पाप लोकांच्या दृष्टीस किळसवाणे करून दाखविण्याचे काम त्या करीत होत्या!

वय हा त्यांच्या बाबतीत मोठाच चमत्कार. ‘दाग’ (१९५२) मध्ये त्या दिलीपकुमारांच्या आई झाल्या. दिलीपकुमार त्यांच्याहून केवळ सहा वर्षांनी लहान. ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये केळी विकणारी गंगामाई त्यांनी उभी केली आणि राज कपूर यांना मुलासारखे वागविले. वास्तविक दोघांत आठ-नऊ वर्षांचेच अंतर होते. ज्या वयात इतर नट्या नायकाशी बागेत गाणी म्हणत, त्या वयात या बाईंनी केस पांढरे करून घेतले.

गंगामाईची गोष्ट निघालीच आहे, तर थोडे सविस्तर सांगतो. लोकांच्या स्मरणात ललिताबाई फक्त दुष्ट सासू म्हणून राहिल्या, ही स्मरणाची चूक आहे. गंगामाई गरीब आहे, फटकळ आहे, परंतु उपाशी परक्या मुलास जवळ करणारी आहे. हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’ (१९५९) मधील घरमालकीण मिसेस डिसा ही तर त्यांची सर्वांत गोड भूमिका. भाड्यासाठी आरडाओरडा करणारी, आणि आतून त्या भाडेकरू मुलावर पोटच्या पोरासारखी माया करणारी ही ख्रिस्ती बाई भेसळीचे औषध घेतल्याने मरण पावते, तेव्हा सारे सभागृह हुंदके देई. या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मुखर्जींनीच पुढे ‘मेमदीदी’ (१९६१) मध्ये त्यांना मुख्य भूमिका दिली, आणि ‘आनंद’ (१९७१) मध्ये रुग्णालयातील कडक परिचारिकाप्रमुख केले. तिचेही आडनाव डिसाच. असो. सांगावयाचे हे की, एका दिग्दर्शकाने त्या बारीक डोळ्यात माया पाहिली आणि ती पडद्यावर आणून दाखविली. ती तेथे पूर्वीपासूनच होती. बाकीच्यांनी तिकडे पाहिले नव्हते.

१९६१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी ‘जंगली’ आला. त्यात त्या अशा एका घराच्या मालकीण आहेत की, जेथे हसण्यास मनाई आहे. पाठोपाठ १९६२ साली ‘प्रोफेसर’ आला. त्यातली कडक, करारी पालकबाई एका म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या सोंगास भुलून हळवी होते आणि प्रेक्षकांस पोट धरून हसविते. स्वतःच्या दरारायुक्त प्रतिमेची अशी थट्टा करण्यास मन फार मोकळे लागते.

नटांच्या सार्वजनिक प्रतिमेत आणि खाजगी वागणुकीत अंतर असते, ही गोष्ट नवी नव्हे. पडद्यावर देव झालेले आणि घरी राक्षस असलेले नट सर्व देशांत झाले. त्यांच्या कथांचा बाजार नेहमीच तेजीत असतो, आणि त्यात आणखी एका कथेची भर घालण्याची आमची इच्छा नाही. उलट्या बाजूची उदाहरणे मात्र कोणी सांगत नाही. निळू फुले यांचेच पहा. ‘सामना’ मधला हिंदुराव पाटील पाहिल्यावर खेड्यापाड्यांतील बाया त्यांच्या नावाने बोटे मोडीत. हा माणूस प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता होता. पुण्यास सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्याने माळीकाम केले होते, आणि नाव झाल्यावर सामाजिक कार्यकर्त्यांच्या मदतनिधीसाठी डॉक्टर श्रीराम लागू प्रभृतींबरोबर नाटकाचे प्रयोग करीत तो गावोगाव हिंडला. २००९ साली ते वारले तेव्हा ज्यांनी अश्रू ढाळले त्यांत त्यांच्या खलपुरुषास शिव्या देणारेही पुष्कळ असतील.

ललिताबाईंच्या संसारातही सुखापेक्षा सोसणे अधिक होते. पहिला विवाह टिकला नाही. पुढे चित्रपट-निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि तो शेवटपर्यंत निभावला. पडद्यावर दुसऱ्यांचे संसार मोडणाऱ्या बाईस स्वतःचा संसार मोडताना पहावा लागला आणि तो पुन्हा मांडावा लागला. याहून अधिक खोलात जाणे शाळेच्या अंकात उचित नव्हे.

भगवानदादांचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून ही कथा पुरी होणार नाही. १९५१ साली त्यांनी ‘अलबेला’ काढला. त्या चित्रपटाने त्यांना बंगला, मोटारी, मानमरातब सर्व काही दिले. पुढचे चित्रपट बुडाले आणि सर्व काही गेले. पुन्हा दादरच्या चाळीत येऊन राहावे लागले, आणि जी कामे मिळत ती, एखाद्या गर्दीच्या नाचातली असली तरी, त्यांनी केली. २००२ साली त्यांचे निधन झाले. ज्या हाताने १९४२ त ती थप्पड मारली, त्या हाताचा मालक आणि ती खाणारी बाई, दोघेही म्हातारपणापर्यंत रंग लावून कामावर जात राहिले. दोघांचे हे साम्य आम्हांस त्या एका अपघाताहून जास्त जवळचे वाटते.

चित्रपटांची संख्या ७०० हून अधिक सांगितली जाते. मूकपटापासून दूरचित्रवाणीपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षे काम करणारी दुसरी स्त्री आपल्याकडे सहजासहजी सापडणार नाही. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. आमच्या बाजूला ज्या थोड्या घरी संच होते तेथे ओसरीपासून अंगणापर्यंत माणसे बसत. काही वृद्ध माणसे आंघोळ करून, संचास हळदकुंकू लावून बसत. त्या मालिकेत मंथरा झाल्या होत्या ललिताबाई. वय सत्तर उलटलेले. पाठीस कुबड, हाती काठी, आणि तोच बारीक डोळा. कैकेयीच्या कानी त्या लागल्या की अंगणातून बायकांचे शाप सुरू होत. कुबड खोटे होते, काठी खोटी होती. त्या सोंगात डोळा तेवढा खरा होता. हे कोणास ठाऊक नव्हते. आम्हांसही नव्हते, आणि त्या अंगणात आम्हीही बसलेले होतो.

शेवटच्या दिवसांत त्या पुण्यास औंध येथे राहत होत्या. कर्करोगाचे दुखणे होते. पती मुंबईस रुग्णालयात होते. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी घरात एकट्या असताना त्यांचे देहावसान झाले. दूरध्वनीस उत्तर मिळेना म्हणून चौकशी झाली, तेव्हा दोन दिवसांनी ती गोष्ट जगास समजली. वय ८१ वर्षांचे होते. त्यांच्या ज्या भूमिकांत भरल्या घरावर हुकूम चाले, त्या भूमिका लोकांच्या डोळ्यांपुढे होत्या. आणि त्या घरात मात्र दार उघडावयासही कोणी नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे सारा देश घरी बसला. त्या महिन्याच्या २८ तारखेपासून दूरदर्शनने तीच रामायणाची मालिका पुन्हा दाखविली. या वेळी आमच्या सावरगावात घरोघरी संच होता. ललिताबाईंस जाऊन बावीस वर्षे झाली होती. मंथरा कैकेयीच्या महालात शिरली, मान तिरकी झाली, डावा डोळा आकसला, आणि शेजारच्या तीन घरांतून एकाच वेळी तिच्या नावाने शिव्याशाप ऐकू आले. आमच्या घरातली लहान मुलगी उठून संचाजवळ गेली, पडद्यावरच्या त्या डोळ्यावर तिने बोट ठेवले, आणि या आजींना तेथे काय लागले आहे, असे आम्हांस विचारले.